दिगू, दोनशे केबीत बस की रे

दिगू, सगळ्यात आधी तक्रार. तुझा फोटो चुकलाय.

रहाटणीच्या तुमच्या घरात, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर हार घालून जो लावलाय, तो तुझ्या आधार कार्डावरचा आहे. तुझ्या चुलतभावांनी घाईघाईत मोबाईलवर कार्डाचा फोटो काढला, कुठल्यातरी फ्लेक्सवाल्याकडे नेला आणि नखाएवढ्या चेहऱ्याची दोन फुटांची फ्रेम करून आणली. जन्मभर गिऱ्हाइकांना ओरडून सांगत आलास, "छोटी फाईल ताणून मोठी होत न्हाई राव, चपाती हाय का ती?" आणि शेवटी तुझीच चपाती लाटली. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, कळत नाही. एक डोळा उघडा, दुसरा मिटायच्या बेतात. मी दारातून आत आले ती रडायच्या तयारीनं आले होते, आणि भिंतीकडे बघून मला हसू फुटलं. तोंडावर ओढणी दाबून धरली. बायकांना वाटलं हुंदका आला. एका काकूंनी पाठीवरून हात फिरवला, तेव्हा खरंच रडू आलं.

तुझ्या आईला मात्र हसूही आलं नाही आणि रडूही. मला जवळ बसवून म्हणाल्या, "वैशे, ह्यो काय माझा दिगू न्हाई. पोलीस चौकीत लावत्यात तसला फोटू हाय. तुमचा त्यो चाकणच्या कंपनीतला फोटू कुठं हाय? मला म्हनला हुता, आई, समदे हसत्यात त्यात, मी बी हाय, पानावर चढला की तुज्या मोबाईलवर दावतो. त्यो दाव मला."

मी म्हटलं, "मावशी, दाखवते." आणि तिथेच अडकले. कारण तो फोटो वेबसाइटच्या पानावर चढलेलाच नव्हता. का चढला नव्हता ते तुला आणि मलाच ठाऊक. शुक्रवारी संध्याकाळी आपण त्याच्यावरूनच भांडलो, तू हेल्मेट उचललंस, "सोमवारी बघू मॅडम" म्हणालास आणि जिना उतरलास. मला 'मॅडम' तू रागावल्यावरच म्हणायचास, एरवी वैशे. सोमवार आला, तू नाही आलास. छातीत कळ आली म्हणून स्वतःच गाडी चालवत दवाखान्यात गेलास म्हणे. अरे गाढवा, रिक्षा करता येत नव्हती?

भांडणाचं सांगते, म्हणजे इथे जे कोणी वाचतील त्यांनाही कळेल की कोणत्या क्षुल्लक गोष्टीवरून आपण तोंडं फिरवली होती.

चाकणच्या त्या कारखान्याची वेबसाइट आपण करत होतो. मालकांनी तिच्यासाठी इंटरनेटवरची स्वस्तातली तयार जागा घेतलेली. तिचा नियम असा की एका चित्राचं वजन दोनशे केबीच्या वर गेलं की ती घेतच नाही, लाल अक्षरात नाही म्हणते. 'आमची माणसं' या पानावर सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो टाकायचा होता. तो तू काढलास. पुढे खुर्च्यांवर मालक आणि ऑफिसवाले, मध्ये मशीनवरची जुनी माणसं, आणि सगळ्यात मागे कंत्राटी पोरं, माल रचायच्या लाकडी पॅलेटवर उभी. टायमर लावून तू धावत सुटलास आणि मागच्या पॅलेटवर उडी मारलीस. पॅलेट एका बाजूनं वर उचललं गेलं, चारपाच जण एकमेकांच्या अंगावर कलंडले आणि सगळा कारखाना खदाखदा हसायला लागला. नेमकं तेव्हाच कॅमेऱ्यानं काम केलं. मालकसुद्धा मान मागे वळवून हसतायत. असा फोटो पैसे देऊन निघत नाही. आणि तुझा एकट्याचा म्हणशील तर दुसरा धड फोटो कुठेच नाही, कारण आयुष्यभर तू कॅमेऱ्याच्या मागे.

आता ही फाईल भलीमोठी. मी माझ्या पद्धतीनं लहान केली, दाबली, दोनशेच्या आत बसवली. पुढची रांग बरी दिसत होती, मधली ठीक, आणि मागच्या रांगेत नुसते गव्हाळ ठिपके. तू स्क्रीनला नाक लावून बघितलंस आणि म्हणालास, "ही माणसं कुठं गेली?"

मी म्हटलं, "अरे, आहेत की. असं कर ना, मागची रांग कापूनच टाकू. कंत्राटी मुलं आहेत, सहा महिन्यांनी दुसरी येणार. पुढच्या दोन रांगा मस्त स्पष्ट येतील."

"कामाला येत्यात ना?"

"येतात रे. पण एवढं झूम करून कोण बघतंय?"

"त्यांच्या घरचे बघत्यात," म्हणालास तू. "बीडला, लातूरला आई बसलीय, ती बघणार. मालकाला बघायला कोण येतंय? त्याला बायको रोज बघती."

तुझा उपाय नेहमीचाच: तुकडे करू. नियम एका चित्राला आहे, पानाला नाही. फोटोच्या तीन आडव्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टी दोनशेच्या आत, आणि पानावर एकीखाली एक चिकटवून लावायच्या. बघणाऱ्याला एकच चित्र दिसतं. माझं म्हणणं, पान जड होतं, मोबाईलवर रेंज नसेल तर एकेक पट्टी रखडत येते, आणि दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढी पांढरी फट दिसते ती मला सहन होत नाही. तू म्हणालास, "तुला फट दिसती, मला माणसं दिसत्यात." मग मीही काहीतरी बोलले. फ्लेक्सवाल्याची अक्कल वगैरे. आणि मग तुझं ते 'मॅडम'.

फ्लेक्सवाला तर तू होतासच की रे. पिंपरी कॅम्पातल्या त्या दुकानात आपण दोघं शेजारी बसायचो तेव्हापासून. मला तिथे कोणी मशीनला हात लावू देत नव्हतं, मुलगी म्हणून फोन उचलायला ठेवलेली. तू एक दिवस तुझी खुर्ची सरकवलीस आणि म्हणालास, "बस इथं, हात खराब होत न्हाईत." झालं, तेवढंच. पुढं वेबसाइटचं काम मी शिकून आले, संत तुकाराम नगरात आमच्या घराखालची खोली घेतली, तेव्हा तुला हाक मारली ती उगाच नाही. चुलतभाऊ जमिनीच्या पैशावर गळ्यात साखळ्या घालून फिरत होते आणि तू माझ्या खोलीत पंख्याखाली बसून लोकांच्या नटबोल्टचे फोटो कापत होतास. कोणी हसलं तर म्हणायचास, "जमीन संपती भावा, नटबोल्ट संपत न्हाईत." आमच्या पप्पांची तुझ्याशी काय गट्टी! सकाळी "जय भीम काका" ओरडत आलास की ते वरून चहा घेऊन खाली उतरायचे आणि कामाचा एक तास बुडायचा. आता पप्पा चहा घेऊन जिन्यापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. मग मलाच देतात.

पण तुकडे करण्याच्या तुझ्या नादावर माझा विश्वास बसायला काही जागाच नव्हती, कबूल कर. भाऊंचा वाढदिवस आठव. भाऊ म्हणजे आपल्याकडचे भावी नगरसेवक, बरीच वर्षं भावीच आहेत. त्यांना चौकातला वीस फुटी फ्लेक्स जसाच्या तसा वेबसाइटवर हवा होता. वर भाऊ गॉगल लावून हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांच्या रांगाच रांगा, प्रत्येकाचा चेहरा बटणाएवढा, आणि एकाचंही नाव वगळायचं नाही. मी म्हटलं, नुसते भाऊ ठेवू. तू म्हणालास, "ज्यानं वर्गणी दिली त्याचं तोंड दिसलंच पायजे." आणि बारा पट्ट्या केल्यास. नावं दिलीस एक, दोन, तीन, बारापर्यंत. कॉम्प्युटरला काय कळतंय! त्यानं नुसता पहिला आकडा बघून एकच्या मागे दहा लावली, मग अकरा, बारा, आणि त्यानंतर दोन. तू न बघता चढवून मोकळा, कारण वडापाव गरम होता.

सकाळी उघडून बघतो तर वर आकाश आणि फटाके, त्याच्याखाली शेवटच्या रांगेतले सगळे शुभेच्छुक, त्यांच्याखाली भाऊंचं कपाळ, आणि सगळ्यात तळाला भाऊंचे जोडलेले हात आणि पोरांची पहिली रांग. पोरं भाऊंच्या डोक्यावर बसलेली! भाऊंचे काका फोनवर, "आमच्या पुतण्याच्या टाळक्यावर ह्यी वरात कुणी बशिवली?" मी घामाघूम. तू फोन हातात घेतलास आणि गंभीर आवाजात म्हणालास, "काका, कार्यकर्त्याला डोक्यावर घेनारा नेता हाय, आसं दावलंय." मग काका म्हणाले, "आसं व्हय? मग ऱ्हाऊ द्या दोन दिस." मागच्या रांगेतल्या पोरांनी ते चित्र गल्लीगल्लीत फिरवलं, जन्मात पहिल्यांदा त्यांचं तोंड वर आलं होतं. मी आजही कोणाला सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं.

त्यानंतर तू प्रत्येक एकेरी आकड्याच्या पुढे शून्य लावायला शिकलास, ०१, ०२ असं. "शाळेत शिकिवलं, शून्य मागं लावलं की किंमत वाढती. ह्यात पुढं लावलं की इज्जत वाचती," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचास.

आणि खरं सांगायचं तर तुझे बाकीचे उपाय मी गुपचूप उचललेच. मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांच्या पानावर सुट्या भागांचे फोटो चढवायचे असायचे, तिथे तर शंभर केबीचीच परवानगी. मी दाबत बसायची आणि घासून चमकवलेली बुशची गोल नळी लोणच्याच्या फोडीसारखी दिसायची. तू फोटो काढतानाच मागे साधा राखाडी कागद धरायचास. मागचं टेबल, तेलाचं फडकं, भिंतीवरचं कॅलेंडर, काही नको. "वजन कशात हाय ते बघ आधी," म्हणायचास. "गिचमिडीत वजन असतं, सपाट रंगात नसतं. मागचं सपाट कर, म्हंजी जेवढी जागा हाय तेवढी वस्तूला मिळती." हे कुठल्या क्लासमध्ये शिकला नव्हतास, फ्लेक्सची मशीन रखडायची तेव्हा वैतागून शोधलेलं. मीही त्यात भर घातली. ड्रॉइंग असेल तर रंग आठच ठेवायचे, हे माझं. आपलं जमायचं ते असं. भांडण व्हायचं ते फक्त माणसांचे फोटो आले की.

तर आता भांडण माझ्या एकटीच्या अंगावर टाकून तू निघून गेलास. मावशींना फोटो हवाय, आणि मी बुधवारी दुपारी तुझ्या खुर्चीकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसले.

आधी सोपं करून बघितलं. मूळ फोटो मावशींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यानंही वाटेत फोटो दाबून आपला हात मारून घेतलाच. मावशींनी मागच्या रांगेवर बोटं ताणून मोठं केलं आणि फोन करून विचारलं, "ह्यो कडंचा कोन?" मी म्हटलं, "मावशी, तोच आहे." त्या म्हणाल्या, "न्हाई गं. ह्याला तोंड कुठं हाय?" मी फोन ठेवला, दिगू. तुझ्या आईनं तुला ओळखलं नाही. भिंतीवरच्यालाही नाही आणि ह्यालाही नाही. तुझा हसरा चेहरा एकाच फाईलमध्ये शिल्लक आहे आणि तो त्यांच्यापर्यंत नीट पोचवणं हे माझंच काम आहे, माझ्याच धंद्यातलं काम आहे, आणि तेही मला जमू नये?

चौकटीत लावायला छापून देणारच आहे, कागद निवडून ठेवलाय. पण त्यांना पानावर हवाय. तू सांगितलं होतंस ना पानावर येणार म्हणून. आता त्याला काय करायचं, तुझा शब्द म्हणजे त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

मग बसले. तुझं ऐकून आधी मागचं बघितलं. पत्र्याची शेड, तिच्या सगळ्या नळ्या, पट्टीपट्टीचा पत्रा, बाहेरचं कडुनिंबाचं झाड पानापानासकट. सगळं वजन तिथेच खात होतं. माणसांच्या कडेकडेनं निवड करत मी पत्रा सपाट केला, झाडाचा हिरवा धब्बा केला, जमिनीवरची खडी पुसली. हे करताना प्रत्येकाच्या डोक्याभोवतीनं फिरावं लागलं. एवढ्या जवळून मी ही माणसं कधी बघितली नव्हती. एका पोराच्या कानात बाळी आहे. एकानं शर्टाची वरची गुंडी नवीन लावलीय, दुसऱ्या रंगाची. एक जण हसताना दातावर हात धरतोय. आणि अगदी कडेला तू, एक पाय पॅलेटवर, एक हवेत, एक हात शेजारच्याच्या खांद्यावर, दुसरा हवेत.

तुझा तो हवेतला हात हललाय, दिगू. ते दाबल्यामुळे नाही. मूळ फाईलमध्येच हललाय. मी धार लावून बघितली, सगळं करून बघितलं, नाही सुधारत. शेवटी हात टेकले. तू स्वस्थ कधी उभा राहिला होतास म्हणून फोटोत राहशील? पण चेहरा स्वच्छ आहे. डोळ्यांशेजारच्या सुरकुत्यांसकट आहे.

एवढं करूनही एका चित्रात बसेना. चेहरे जपायचे तर वजन दोनशेच्या वर, आणि दोनशेत बसवायचं तर मागची रांग पुन्हा गेली. चहा झाला, पप्पा दोनदा डोकावून गेले. मग मी तीन पट्ट्या केल्या. मुकाट्यानं केल्या. नावं दिली, पुढे शून्य लावून. फट घालवायला अर्धी दुपार घालवली आणि तरीही मधल्या पट्टीखाली केसभर राहिलीच. राहू दे म्हटलं. तू असतास तर त्या 'राहू दे'वर खोलीभर नाचला असतास, पार्टी मागितली असतीस आणि पुढची दहा वर्षं मला ऐकवलं असतंस. ऐकव रे. कुठूनतरी ऐकव. मला तुझी फार आठवण येते.

गुरुवारी सकाळी रहाटणीला गेले. तुमच्या आतल्या खोलीत रेंज किती असते ते तुला माहीत आहे. मावशींनी चष्मा पुसला, मोबाईल दोन्ही हातांत धरला, मागे तुझ्या दोन्ही वहिन्या वाकून. पान उघडलं. नुसतं पांढरं. मी मनात म्हटलं, घ्या, हेच मी सांगत होते. आणि मग वरची पट्टी हळूहळू उतरली. वरची पट्टी म्हणजे मागची रांग. खाली अजून पांढरंच होतं, मालक नव्हते, ऑफिसवाले नव्हते, मशीनवाले नव्हते. फक्त पॅलेटवरची पोरं आणि कडेला तू.

"आला!" मावशी एवढ्यानं ओरडल्या की बाहेरचा कुत्रा भुंकला. "आगं, मालकाच्या बी आधी आला की ह्यो!" त्यांनी बोटं ताणली, तुझा चेहरा अख्ख्या स्क्रीनभर झाला आणि फुटला नाही. धाकटी वहिनी म्हणाली, "हात बघा, हलतोय. भावजीच हायत." मग तिघी हसल्या, हसता हसता रडल्या, आणि मावशींनी पदरानं तुझा चेहरा पुसला, म्हणजे काच पुसली, तर पान वर सरकून तू गायब झालास आणि पुन्हा शोधाशोध. खालच्या दोन पट्ट्या कधी उतरल्या कोणी बघितलंच नाही. मी निघाले तेव्हा त्या शेजारणीला बोलावून फोटोत तुझ्या बाजूला उभ्या असलेल्या मुलाची बाळी दाखवत होत्या, "ह्ये पोरगं कोनाचं गं, गोड हसतंय."

शुक्रवारी दुपारी चाकणहून मालकांचा फोन आला. आधी तुझ्याबद्दल बोलले, बराच वेळ, खरं दुःख झालंय त्यांना. मग जरा अडखळत म्हणाले, "मॅडम, पान छान झालंय. फक्त तो फोटो उघडायला वेळ लागतोय हो. काही कमी करता येईल का त्यातलं?"

मी म्हटलं, "नाही साहेब. लागू द्या थोडा वेळ. माणसं जास्त आहेत."